ध्वनीवरून वाचन शिकवताना: नागपूरच्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी ते दुसरीच्या मुलांचे पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक आम्हाला सारखे जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, पुढे अडचणी आणि अपवाद. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ध्वनीवरून वाचन म्हणजे नेमकं काय? आम्हीही 'क कमळाचा' म्हणतच शिकलो ना?

'क कमळाचा' मध्ये मूल अक्षराला चित्र जोडतं. ध्वनीच्या पद्धतीत ते अक्षराला फक्त आवाज जोडतं आणि लगेच ते आवाज जुळवून शब्द काढतं. चित्र जोडण्यात वाईट काही नाही, पण मूल तिथेच थांबलं तर 'गवत' हा शब्द समोर आल्यावर त्याच्या डोक्यात गणपती, वजन आणि तबला उभे राहतात, गवत नाही. आणखी एक अडचण: ण आणि ळ यांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही. म्हणून तक्त्यावर 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असतं आणि ज्या मुलाला पहिला आवाज ऐकायची सवय लावली आहे ते 'ण'ला 'ब' म्हणून मोकळं होतं.

पद्धतीची ओळख एका गोष्टीवरून पटते. चार-पाच अक्षरं झाल्याबरोबर मूल त्याच अक्षरांचे शब्द स्वतः वाचतं का? वाचत असेल तर ती ध्वनीची पद्धत. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत शब्दच येत नसेल, तर पुस्तकावर नाव काहीही असो, ती पाठांतराची पद्धत आहे.

२. मुलगी बाराखडी घडाघडा म्हणते, पण 'मका' वाचता येत नाही. असं का?

कारण तिला चाल पाठ आहे, खूण नाही. 'क, का, कि, की' हा क्रम तिच्या तोंडात बसला आहे. मधूनच 'की'वर बोट ठेवलं तर ती मनात पहिल्यापासून म्हणत तिथवर येते.

हिशेब करून बघा. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं म्हणजे ४०८ खाने. ते एकेक पाठ करायचे तर वर्ष पुरत नाही. पण ३४ व्यंजनं आणि ११ खुणा, म्हणजे काना, दोन वेलांट्या, दोन उकार, एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, काना-दोन मात्रा, अनुस्वार, विसर्ग, इतकंच ओळखता आलं की उरलेलं मूल स्वतः तयार करतं. ४५ गोष्टी आणि एक नियम. बॅट-बॉलसाठी ॲ आणि ऑ या दोन खुणा नंतर येतात.

उपाय सोपा आहे. बाराखडी आडवी म्हणून घेण्याऐवजी उभी घ्या: का, मा, रा, ला, ना. एक खूण, अनेक अक्षरं. आठवडाभर एकच काना. मग तक्त्यात उड्या मारत विचारा. चाल बंद झाली की डोळे कामाला लागतात.

३. कोणत्या वयात सुरू करावं? शेजारचं मूल साडेतीन वर्षांचं आहे आणि क्लासला जातं.

साडेतीनला कानाचे खेळ (प्रश्न ४), अक्षरं नाही. चौथं-पाचवं वर्ष कानाचं आणि गोष्टींचं. पाच पूर्ण झाल्यावर पहिला अक्षरगट. या वयाआधी पेन्सिल धरून ओळी लिहून घेतल्या तर बोटं आखडतात, हात दुखतो आणि मुलाला वाचनाचाच कंटाळा येतो. केंद्र सरकारच्या २०२१च्या निपुण भारत या वाचन-गणिताचा पाया घालणाऱ्या अभियानातही बालवाटिकेकडून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाकडून, अक्षर-आवाज ओळखणं आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, एवढीच अपेक्षा आहे.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पहिलीत जाणाऱ्या मुलाबरोबर एप्रिल-मे मध्ये पहिले दोन गट आरामात होतात. फक्त वेळ सकाळी आठच्या आसपासची ठेवा, दुपारच्या उन्हात कोणाचंच डोकं चालत नाही.

४. अक्षरांच्या आधी कानाची तयारी म्हणजे काय करायचं?

कागद-पेन्सिल काही नको. क्रम मात्र असाच ठेवा:

शब्द तोडणं: 'संत्रा'ला किती टाळ्या? सं-त्रा, दोन. 'अंबाझरी'ला चार.
पहिला आवाज: 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधा. मका, मीठ, मोजे.
शेवटचा आवाज: शब्दांच्या भेंड्या. नाक, कान, नळ. शेवटी ळ आला की दुसऱ्याने नवा शब्द सुरू करायचा, नाहीतर खेळ अडतो.
जोडणं: तुम्ही थांबत थांबत 'का… म' म्हणा, मुलाने 'काम' म्हणायचं.
वगळणं: 'बदक'मधला 'ब' काढला तर? दक.

यातलं जोडणं सगळ्यांत महत्त्वाचं. ते कानाने जमत नसेल तर कागदावरही जमणार नाही. दहापैकी आठ शब्द जोडता आले की अक्षरं सुरू करा. स्वयंपाक करताना, स्कूटीवर, सिग्नलला थांबल्यावर, कुठेही पाच मिनिटं पुरतात.

५. अक्षरं कोणत्या क्रमाने घ्यावीत? 'क ख ग घ ङ' का नको?

वर्णमालेचा क्रम अतिशय शास्त्रशुद्ध आहे, पण तो उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, शिकण्याच्या सोयीप्रमाणे नाही. क ख ग घ ङ या पाचांतून वाचण्याजोगे शब्द जेमतेम निघतात आणि ङ तर मुलाला वर्षानुवर्षं भेटत नाही.

क्रम लावताना तीन गोष्टी पाहा: अक्षर वारंवार येतं का, त्यातून लगेच शब्द बनतात का आणि गटातली दोन अक्षरं दिसायला सारखी तर नाहीत ना. आम्ही सुचवतो तो क्रम असा:

पहिला गट: क, म, र, ल आणि काना. शब्द: काम, काल, लाल, माल, मका, काका, मामा, कमाल.
दुसरा गट: न, स, त आणि दुसरी वेलांटी. शब्द: नाक, कान, रान, सात, तास, रात, तीन, तीर.
तिसरा गट: ब, ग, ळ, ट, एक मात्रा, काना-मात्रा. शब्द: बाळ, नळ, गोळा, केळी, मोर, बोट.
पुढे प, द, च, ज, व, ह, ण आणि उकार. नंतर घ, ध, भ, ख, थ, छ, झ, ठ, ढ, फ, श, ष. स्वतंत्र स्वर (अ, आ, इ…) त्यांच्या खुणेबरोबरच दाखवा: काना शिकताना आ, वेलांटी शिकताना ई.

म-भ, घ-ध, ब-व, प-ष, थ-य, ट-ठ-ढ या जोड्या एकाच आठवड्यात कधीही घेऊ नका. एक पक्कं झाल्यावर किमान तीन आठवड्यांनी दुसरं. दोन्ही एकदम आली की मुलाच्या मनात ती कायमची एकमेकांत अडकतात आणि दुसरीपर्यंत 'घर'चं 'धर' होत राहतं.

शाळेचं पुस्तक वेगळ्या गटाने जात असेल तर शाळेचाच क्रम धरा. पाठ्यपुस्तकातही अक्षरगटच असतात. गट कोणता यापेक्षा गटातले शब्द वाचून घेतले जातात का, हे जास्त महत्त्वाचं.

६. रोज किती वेळ आणि नेमकं काय करायचं?

१५ ते २० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी दोन तास बसवून भरून निघत नाही.

३ मिनिटं: जुन्या अक्षरांची कार्डं उलटसुलट. अडलं तर लगेच सांगा, ताटकळत ठेवू नका.
३ मिनिटं: नवीन अक्षर, दिवसाला जास्तीत जास्त एक. आवाज ऐकवा, दाखवा, ताटात रवा पसरून बोटाने गिरवू द्या.
७ मिनिटं: शब्द जोडणं. पहिलं अक्षर लांबवून दुसऱ्यावर उतरायचं: काऽऽऽम. मध्ये श्वास घेतला, थांबलं, की जोड तुटतो. इंग्रजीत सुटा 'क्' लांबवता येत नाही. आपल्या अक्षरात स्वर आतच असतो म्हणून 'का' हवा तितका लांबतो. ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे, ती वापरा.
३ मिनिटं: तुम्ही बोला, मुलाने कार्डं लावून शब्द तयार करायचा.
उरलेल्या वेळात तुम्ही गोष्ट वाचून दाखवा. ही वगळू नका. अक्षरजुळणीने वाचता येतं, पण वाचावंसं वाटतं ते गोष्टीमुळे.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. पाठीमागची कोरी बाजू तळहाताएवढी कापा. व्यंजनं काळ्या स्केच पेनने, मात्रा लाल. मात्रांची कार्डं अरुंद ठेवा म्हणजे ती व्यंजनाला चिकटवून लावता येतात.

७. 'कि' आला की मुलगा 'इक' वाचतो. डोळ्यांचा दोष आहे का?

नाही. उलट तो नियमाने वाचतो आहे: डावीकडून जे आधी दिसलं ते आधी म्हटलं. पहिली वेलांटी लिहायला आधी आणि बोलायला नंतर, हा आपल्या लिपीतला खराच अडसर आहे. म्हणूनच पाचव्या प्रश्नातल्या क्रमात आधी दुसरी वेलांटी घेतली. ती उजवीकडे येते, गोंधळ होत नाही.

पहिली वेलांटी शिकवताना बोट व्यंजनाच्या उभ्या दांडीवर ठेवा, आधी व्यंजन म्हणवून घ्या, मग वेलांटीच्या कमानीवरून बोट फिरवा. किमान दोन आठवडे फक्त 'मिठाई, दिवा, चिमणी, निळा, विहीर' असे शब्द. लाल रंगाची वेलांटी इथे फार उपयोगी पडते.

८. 'घर'ला 'घरऽ' आणि 'बदक'ला 'बदकऽ' म्हणतो. सुधारावं का?

पहिले काही आठवडे सुधारू नका. सुटं 'र' शिकवताना तुम्हीच त्यात 'अ' घालून म्हटलं आहे, मूल तेच म्हणतंय. शब्द संपला की सांगा: "आता बोलतोस तसं म्हण." मूल लगेच 'घर्' म्हणतं, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो. त्यामुळेच सुरुवातीचे सगळे शब्द रोजच्या बोलण्यातले हवेत.

नियम असा: शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण म्हणत नाही. लांब शब्दात मधलाही गळतो: 'करवत' आपण 'कर्वत्' म्हणतो, 'कापड'मधला प पूर्ण पण 'कापडाचा' म्हणताना 'काप्डाचा'. अपवाद शेवटी जोडाक्षर असलेल्या शब्दांचा: चंद्र, मित्र, वृक्ष. तिथे शेवटचा अ थोडा ऐकू येतो. हा नियम मुलाला शब्दांत सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत असला की तुम्ही उगाच रागावणार नाही.

९. 'चार' आणि 'चारा' यातला च वेगळा आहे. अक्षर एकच, मग आवाज कोणता शिकवायचा?

च, ज, झ यांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. चार, चंद्र, चहा यांत जीभ टाळूला लागते. चारा, चाक, चूल, चोर यांत ती दातांमागे जाते. लिपी हा फरक दाखवत नाही.

आधी एकच उच्चार पक्का करा: चाक, चूल, चोर, जाळी, झाड हा संच घ्या, घरातल्या बोलण्यात हे शब्द भरपूर असतात. इ, ई, ए आले की उच्चार बहुधा टाळूचा होतो: चिमणी, जीभ, झेंडा. हा बदल मुलं आपोआप करतात. 'घराचा' आणि 'घराची' म्हणून बघा, तुमचीही जीभ जागा बदलते. नंतर मुलाला सांगायचं ते इतकंच: "एकाने जमलं नाही तर दुसऱ्याने म्हणून बघ, कोणता शब्द ओळखीचा वाटतो?" हिंदीतून येणाऱ्या मुलांची अडचण वेगळी आहे, प्रश्न ११ पाहा.

१०. आमच्याकडे वऱ्हाडी बोलतात. मुलगी 'शाळा'ला 'शाया' आणि 'पाणी'ला 'पानी' वाचते. बाई चूक धरतात.

ही वाचनाची चूक नाही. तिने अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या बोलीत म्हटला. खरी चूक म्हणजे 'शाळा'ला 'शाल' वाचणं. शिक्षकांनी हा फरक ओळखायलाच हवा. जी मुलगी नीट वाचते तिला चुकीचं ठरवलं, तर ती दुसऱ्या दिवसापासून मोठ्याने वाचणं सोडते, आणि हे नुकसान भरून काढायला महिने लागतात.

काम मात्र करायचं आहे, कारण लिहिताना 'शाया' येईल. ळ आणि ण यांना वेगळे दोन-दोन आठवडे द्या. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं, आरशात दाखवा. जोड्या म्हणून घ्या: माळ-माल, गोळा-गोला, बाण-बान. 'डोया' म्हणाली तर हसू नका. म्हणा, "घरी डोया, पुस्तकात डोळा." दोन्ही तिचेच आहेत.

११. घरी हिंदी, शाळेत मराठी. लिपी एकच आहे, मग वेगळं काय करावं लागेल?

लिपी एक हा मोठा फायदा आहे, नव्वद टक्के काम वाया जात नाही. फरक मोजके आहेत, ते एकदा कागदावर काढून ठेवा. ळ हिंदीत नाही. ज्ञ हिंदीत 'ग्य', मराठीत 'द्न्य'. ऋ हिंदीत 'रि', मराठीत 'रु', म्हणून 'कृपा' वेगळं ऐकू येतं. ऐ आणि औ मराठीत 'अइ', 'अउ'च्या जवळ: 'पैसा' दोन्ही भाषांत म्हणून बघा. दातांमागचा च-ज-झ हिंदीत नाही.

खरी अडचण आवाजाची नसते, शब्दसंग्रहाची असते. मूल 'विहीर' बरोबर जुळवतं, पण विहीर म्हणजे काय ते माहीत नसतं, म्हणून बरोबर वाचलं की नाही हे त्याला कळत नाही. अशा मुलांसाठी वाचायच्या शब्दांची यादी आदल्या दिवशी बोलून, वस्तू दाखवून घ्या.

१२. जोडाक्षरं आली आणि गाडी अडली. कुठून सुरू करू?

सगळ्या मात्रा पक्क्या झाल्याशिवाय सुरूच करू नका. घाई झाली की बहुतेक इथेच मूल मागे पडतं.

आधी तेच अक्षर दोनदा: पत्ता, पक्का, कच्चा, सल्ला, रस्सा. तोडून म्हणा: पत्-ता. जीभ 'त्'वर क्षणभर थांबते ते मुलाला जाणवू द्या. मग दांडी जाणारी जोडाक्षरं: पुस्तक, म्हैस, ग्लास, प्याला. मग 'भट्टी', 'हड्डी' सारखी एकाखाली एक. त्यानंतर श्र, त्र, क्ष, ज्ञ, द्य, द्ध, ही रूपं बदललेली म्हणून ओळखीनेच शिकवावी लागतात.

सगळ्यांत शेवटी र, कारण त्याची चार रूपं आहेत. नागपुरातच ती सगळी सापडतात. 'बर्डी' आणि 'तर्री'त रफार: र आधी बोलायचा, पण खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'चक्र', 'संत्रा'त र नंतर. 'ट्रक'मध्ये खाली. 'वऱ्हाडी'त आडवा अर्धा र. एका वेळी एकच रूप, प्रत्येकाला आठवडा. मुलं 'बर्डी'चं 'बड्री' करतात, ती डाव्या-उजव्याचीच अडचण (प्रश्न ७). रफारावर बोट ठेवून आधी 'र्' म्हणवून घ्या, मग बोट खाली.

बसचे फलक, दुकानांच्या पाट्या हे जोडाक्षरांचं फुकटचं पुस्तक आहे. सक्करदऱ्याच्या रस्त्यावरून जाताना एक पाटी मुलाने वाचायची, असा नियम ठेवा.

१३. अनुस्वाराचा आवाज नेमका कोणता?

पुढच्या अक्षरावर अवलंबून. शंकरनगरमध्ये ङ्, पंचशील चौकात ञ्, झेंडा चौकात ण्, धंतोलीत न्, अंबाझरीत म्. हे मुलाला शिकवू नका. पुढचं अक्षर म्हणायला तोंड तयार झालं की अनुस्वार आपोआप बरोबर उमटतो. 'टिंब दिसलं की नाकातून' एवढंच सांगा. सिंह, हंस, संशय हे शब्द मात्र ऐकवूनच शिकवावे लागतात, तिथे 'व'कडे झुकणारा नाकातला आवाज येतो.

१४. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. आधी मराठी वाचन की इंग्रजी?

घरी मराठी असेल तर आधी मराठी, किंवा दोन्ही पण तीन-चार महिन्यांच्या अंतराने. मराठीत खूण आणि आवाज यांचं नातं बहुतांशी सरळ आहे. इंग्रजीत २६ अक्षरांवर सुमारे ४४ आवाज वाटले आहेत आणि एकाच आवाजाची अनेक स्पेलिंगं आहेत. जोडून वाचायची युक्ती सोप्या लिपीत एकदा सापडली की ती अवघड लिपीत नेता येते. उलट दिशेने त्रास जास्त.

२०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक झालं आहे, म्हणजे मराठी वाचन नाहीतरी लागणारच आहे. पाचव्या वर्षी खेळत शिकलेलं मराठी तिसरीत ट्यूशन लावून शिकण्यापेक्षा खूप हलकं जातं.

१५. फोनिक्सच्या (इंग्रजी ध्वनीवरून वाचनाच्या) क्लासनंतर मुलगा 'बॅट'ला 'ब-अ-ट' म्हणतो, जुळत नाही.

त्याला इंग्रजी 'बी'चा आवाज 'ब' असा सांगितला गेला आहे, आणि आपल्या 'ब'मध्ये अ आहे. तो अ काढावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी पाय मोडायची खूण आहेच: ब्-ॲ-ट्. आवाज असाच, तुटक, अ न लावता म्हणवून घ्या. मधला स्वर ॲ आहे, अ नाही. हा फरक 'बॅट' आणि 'बट' म्हणून दाखवा.

सुरुवात लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा: स्, म्, न्, फ्. इंग्रजीच्या अनेक प्रचलित पद्धती स्, ॲ, ट्, इ, प्, न् या सहांनी सुरू होतात, कारण त्यांतून पुष्कळ छोटे शब्द बनतात. पाचव्या प्रश्नातलंच तत्त्व. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांना आपण 'व'च म्हणतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. आरसा हवा.

१६. फोनिक्सचा क्लास किंवा साहित्य निवडताना काय विचारावं?

एक तास बसू द्या म्हणा. परवानगी नसेल तर तेवढं उत्तर पुरे. मग पाहा:

आवाजांचा लिखित क्रम आहे का? 'मुलाप्रमाणे ठरवतो' म्हणजे क्रम नाही.
दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलं शब्द जोडतात का, की नुसती गाणी आणि हातवारे चालतात?
वाचायला दिलेली पुस्तकं शिकवलेल्याच अक्षरांची आहेत का? पाच अक्षरं शिकवून हातात पूर्ण गोष्ट दिली की मूल चित्र बघून अंदाज करायला शिकतं.
अडलेल्या मुलाला काय सांगतात? 'चित्र बघ' की 'आवाज जोड'?
एका बाईंमागे किती मुलं? आठ-दहाच्या वर गेलं की प्रत्येकाचं वाचन ऐकलंच जात नाही.

'तीन महिन्यांत अस्खलित' अशी हमी देणाऱ्यांपासून लांब राहा. महागडं किट घेण्याची गरज नाही, प्रश्न ६ मधली कार्डं पुरतात. मराठीसाठी क्लास शोधत असाल तर इंग्रजीचा साचा मराठीवर बसवलेला नाही ना, ते बघा. 'क् + अ = क' हे चार वर्षांच्या मुलाकडून घोकून घेणं निरर्थक आहे. आपल्या मुलाचा कान आधी अख्खं अक्षर ऐकतो.

१७. शाळेत अख्खे शब्द चित्रासारखे ओळखायला लावतात. घरी ध्वनी घेतला तर गोंधळ होईल का?

होत नाही. शाळेतले शब्द मूल ओळखू दे, घरी तेच शब्द तोडून-जोडून घ्या. इंग्रजी वाचनाबाबत हा वाद फार जुना आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली क्रमवार ध्वनिशिक्षणाच्या बाजूने निष्कर्ष दिला. इंग्लंडने २००६च्या रोझ अहवालानंतर शाळांत तीच दिशा घेतली. पण त्याच पॅनेलने ओघवतं वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन यांनाही तितकंच स्थान दिलं होतं. ध्वनी हा दरवाजा आहे, घर नाही. शाळेशी भांडू नका, गट आणि शब्दांची यादी बाईंकडून मागून घ्या.

१८. तो खरंच वाचतो की पाठ झालंय, कसं ओळखू?

ओळखीच्या पानावरची चित्रं हाताने झाका. शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला सांगा. तरीही शंका असेल तर अर्थ नसलेले शब्द द्या: तेमा, लासू, गीनो, बेतू, नूका, रीपा, कीसो, मेगू. आधी सांगा की हे 'दुसऱ्या ग्रहावरचे' शब्द आहेत, नाहीतर मूल अर्थ शोधत अडखळतं. आठपैकी सहा आले तर जोडणं पक्कं. इंग्लंडमध्ये २०१२पासून पहिलीच्या वयाच्या मुलांना ४० शब्दांची अशीच चाचणी देतात, त्यातले निम्मे शब्द निरर्थक असतात. असे शब्द फक्त तपासायला, रोजच्या सरावाला नाही.

१९. वेग किती असावा?

निपुण भारतच्या उद्दिष्टांत दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. मराठीत मोजताना एक लक्षात ठेवा: 'शाळेसमोरच्या' हा आपला एकच शब्द आहे. लांब शब्दांच्या पानावर आकडा खाली येणारच. घड्याळ महिन्यातून एकदा पुरे. आधी चूक कमी होते, मग वेग येतो.

२०. वाचता येतं, पण श्रुतलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकतं.

कारण बोलताना हा फरक फारसा ऐकू येत नाही. इथे आवाज पुरत नाही, नियम लागतो. शासनमान्य लेखननियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. मुलाला दोनच पुरतात. शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ: पाणी, कवी, गुरू ('आणि' अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचं दीर्घ: फूल, मूल, नीट. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: फुलाला, मुलाला. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमात बसत नाहीत. तिसरीपर्यंत याचे गुण कापू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२१. सहा महिने रोज घेतलं तरी अक्षरं टिकत नाहीत. आता काय?

आधी कान आणि डोळे तपासा. सर्दीने कानात पाणी साचलं तरी ब-भ, त-थ यांतला फरक ऐकू येत नाही. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. मग शिकवण्याची तपासणी करा: खंड किती पडला, सारखी अक्षरं एकत्र आली का (प्रश्न ५), कानाने जोडणं जमतं का (प्रश्न ४)?

हे सगळं ठीक असून सात वर्षांनंतरही ओळखीचे दोन अक्षरी शब्द जुळत नसतील, घरात आणखी कोणाला असाच त्रास झाला असेल, तर अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. उलटी अक्षरं अधूनमधून लिहिणं हे सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास होतं, तेवढ्यावरून घाबरू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मिळतात. या मुलांनाही ध्वनीनेच शिकवायचं असतं, फक्त पावलं लहान आणि उजळणी तिप्पट. अशा मुलाला 'आळशी' म्हणू नका. ते इतरांपेक्षा जास्त मेहनत करत असतं.

२२. मुलगा न शिकवता वाचायला लागला. त्यालाही हे सगळं घ्यायचं का?

नाही. अठराव्या प्रश्नातले आठ शब्द द्या. आले तर कार्डं बाजूला ठेवा, जोडाक्षरांपैकी र तेवढा तपासा आणि वाचनालयाचं सभासदत्व घ्या. नाही आले तर तो शब्दांचे आकार लक्षात ठेवून वाचतो आहे. तिसरी-चौथीत नवे, लांब शब्द वाढले की हे अपुरं पडतं, म्हणून पहिल्या तीन गटांचे शब्द महिनाभर तोडून-जोडून घ्या. पुस्तकं मात्र त्याच्या आवडीचीच चालू राहू द्या.